अल्प्राझोलाम (भीती-झोपेची गोळी) कमी करतोय, त्यात कोयनेचे मेसेज सुरू. पुढची पायरी आत्ता उतरू का थांबू?

दिवाणजी_गावभाग

नमस्कार मंडळी. सांगलीचा आहे, वय 47. मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी. सौदे झाले की पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाची बिलं) करायच्या, शेतकऱ्याचे पैसे, हमाली-तोलाईचा हिशेब, सगळं माझ्याकडं. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचं गावभागातलं घर बुडालं. धोका पातळी 45 फूट, यावरून काय ते समजा. आम्ही विश्रामबागेत मेहुण्याकडं होतो. माणसं सुखरूप राहिली, कपाटं-गाद्या गेल्या, त्याचं एवढं काही नाही. पण पाणी ओसरून सगळं धुऊन-पुसून झाल्यावर मला झोप लागेना. डोळा लागला की उठून रस्ता कोरडा आहे का बघायचो. छातीत दुखायचं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. तेव्हाच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम 10 (चिंता-नैराश्याची रोजची गोळी) आणि अल्प्राझोलाम सुरू केलं. गुण आला, खोटं कशाला बोलू. पण 'थोडे दिवस घ्या' म्हणून दिलेली अल्प्राझोलाम मग कोविड, 2021 चा महापूर असं करत चालतच राहिली. सकाळी 0.25 मिलिग्रॅम, रात्री 0.5.

यंदा हळदीचा हंगाम आटोपल्यावर मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, एस्सिटालोप्रामला हात लावायचा नाही, आधी अल्प्राझोलाम हळूहळू काढू. सकाळची अर्धी केली, काही आठवड्यांनी ती अर्धीही बंद केली. आता फक्त रात्रीची 0.5 उरलीय. पुढची पायरी 0.375, म्हणजे 0.25 ची एक अख्खी आणि एक अर्धी. डॉक्टर म्हणाले, "तारीख मी बांधून देत नाही. बरं वाटतंय बघून उतरा, अडलं तर फोन करा."

घोडं इथंच अडलंय. पहाटे चारच्या सुमारास जाग येते आणि छाती धडधडत असते. स्वप्न नाही, काही नाही, नुसती धडधड. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर उशाशीच असतो. बोटाला लावतो, नाडी 104. परत लावतो, 108. दुपारी पाचच्या पुढं दुकानात निराळाच प्रकार. हमालानं पोतं टाकलं की मी खुर्चीत दचकतो. शटरचा आवाज डोक्यात घुसतो. तळपायाला मुंग्या येतात. समोरचा शेतकरी बिचारा साधं "पट्टी झाली का?" विचारतो आणि मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटतं. हे आवाजाचं आणि मुंग्यांचं 2019 ला नव्हतं. तेव्हा भीती पाण्याची होती, हे मला ठाऊक होतं. आता कशाची भीती वाटते विचाराल तर सांगता येत नाही.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून एक मांडून बघितलं. तुकडा दर वेळी तेवढाच काढायचा, 0.125. पण 0.75 मधून काढला तेव्हा शेकडा 17 कमी झाले. 0.625 मधून काढला तेव्हा 20. आता 0.5 मधून काढला की 25. त्यापुढं 33, मग एकदम 50. म्हणजे पायऱ्या सारख्या दिसतात, पण खाली जाईल तशी प्रत्येकीची उंची वाढतीय. आणि गोळी ब्लेडनं कापताना दोन अर्धुकं कधी सारखी होत नाहीत ते वेगळंच. स्टीलच्या ताटलीत कापतो, मोठं अर्धुक आज, लहान उद्या, खाली पडलेला भुगा बोटानं टिपून घेतो. बायको म्हणते सोनारासारखं काय चाललंय.

आणि नेमका आत्ता पाऊस लागलाय. ग्रुपवर दिवसभर तेच. कोयनेचे दरवाजे इतके फूट उचलले, अलमट्टीतून इतके क्युसेक, आयर्विनला आत्ता इतके फूट. मेसेज वाजला की पोटात गोळा येतो.

तर विचारायचं असं. ही धडधड म्हणजे जुनं दुखणं परत येतंय, का गोळी कमी केल्याचं आहे? आणि अशा दिवसांत 0.375 वर उतरावं का? यातून गेलेल्यांनी सांगावं. "टेन्शन घेऊ नका" असं कृपया लिहू नका, ते घरी रोज ऐकतो.

---

सह्याद्री_भटक्या

भाऊ, एवढ्याशा गोळीला काय घाबरायचं! निम्मी करा, पाव करा, यात दिवस घालवू नका. सगळ्या स्ट्रिपा नाल्यात टाका आणि चार दिवस कळ काढा. माझ्या मावसभावानं असंच केलं. रात्री दुधातून अश्वगंधा, पहाटे उठून पळायला जा. मनाचा खेळ असतो सगळा.

---

मिरजेचा_फार्मासिस्ट

आधी वरच्या भाऊंसाठी, कारण हे वाचून कुणी खरंच तसं करायचं. वर्षानुवर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकदम तोडली तर फिट येऊ शकते. भ्रम होतो, माणूस बरळायला लागतो. कितीही खंबीर मनाच्या माणसाला फिट येऊ शकते. तुमचा मावसभाऊ सुटला, चांगलं झालं, पण सल्ला म्हणून हे देऊ नका. अश्वगंधेनंही गुंगी वाढू शकते आणि थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो. झाडपाला आहे म्हणून बिनधास्त, असं नसतं.

आता दिवाणजी, तुमच्याकडं येतो. मी डॉक्टर नाही, काउंटरच्या आत उभा राहणारा माणूस आहे. त्यामुळं जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे म्हणून घ्या.

अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते. साधारण अकरा तासांत निम्मी होते. माणसागणिक फरक पडतो, पण सरासरी तेवढं धरा. रात्री दहाला घेतली तर सकाळी नऊला निम्मी, आणि तुम्ही रात्री परत ताटलीपाशी बसता तेव्हा जेमतेम पाव शिल्लक. आधी सकाळच्या गोळीचा टेकू होता, तो काढल्यामुळं आता सगळा दिवस रात्रीच्या उरलेल्यावर चालतोय. दुपारी पाचनंतर पोत्याच्या आवाजानं दचकता, त्याचा या वेळेशी संबंध असू शकतो. डॉक्टरांना एवढं विचारा: एकूण 0.5 तीच ठेवून 0.25 सकाळी आणि 0.25 रात्री अशी विभागली तर? डोस वाढत नाही, मधली दरी कमी होते. काही डॉक्टर अशा वेळी डायझेपामवर नेतात. ती अंगात फार हळू उतरते आणि 2 मिलिग्रॅमची गोळी मिळते, त्यामुळं बारीक पायऱ्या करता येतात. पण कितीच्या बदल्यात किती, याची कोष्टकं एकमेकांशी जुळत नाहीत. तो हिशेब नेटवर बघून घरी करायचा नाही.

तुमचं शेकड्याचं गणित बरोबर आहे. डॉक्टरही असंच बघतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थांनी मिळून 2025 मध्ये याच गोळ्यांबद्दल मार्गदर्शन काढलं. त्यात सुरुवातीला 5 ते 10 टक्के कमी करा, दोन ते चार आठवड्यांनी पुढची पायरी घ्या, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांच्या वर जाऊ नका, असं आहे. म्हणजे 0.5 वरून 0.375 ही पायरी अगदी वरच्या टोकाला बसते. चुकीची नाही, पण मोठी आहे. ती आणखी बारीक करता येते का, ते विचारण्यात काही गैर नाही.

ब्लेड सोडा, गोळी कापायचं कटर मिळतं, स्वस्त असतं. ज्या गोळीवर मध्ये खाच असते तीच घ्या, आणि कंपनी शक्यतो बदलू नका. स्ट्रिपवर एसआर लिहिलं असेल तर ती गोळी अजिबात कापायची नाही, तिचं औषध हळूहळू सुटायचं तंत्रच बिघडतं.

आणखी एक विचारतो. मधल्या काळात गजकर्ण वगैरेसाठी इट्राकोनाझोल घेतली होती का? पावसाळ्यात माझ्याकडं दर दुसरा माणूस तीच मागतो. ती अल्प्राझोलाम अंगातून बाहेर पडू देत नाही, रक्तातलं प्रमाण बरंच चढतं. खरं तर या दोन गोळ्या एकत्र द्यायच्याच नसतात, पण त्वचेच्या डॉक्टरांना झोपेची गोळी कोण सांगतं? मग इट्राकोनाझोल संपली की प्रमाण खाली येतं, आणि तुम्ही काही न कापताही मोठी पायरी उतरल्यासारखं होतं. सर्दीच्या गोळ्यांचंही बघा. नाक मोकळं करायला त्यात फेनिलेफ्रिन असतं, त्यानं काहींना धडधड होते.

---

कंडक्टरबाई_सातारा

दिवाणजी भाऊ, मी एसटीत कंडक्टर, सातारा डेपो. माझी गोळी क्लोनाझेपाम होती, तुमच्याच जातीची, आता पूर्ण बंद आहे. भीती गेली का म्हणाल तर नाही, येते अधूनमधून. पण आली की ओळखते, आणि ती गेली की चहा पिते.

माझं सुरू झालं खंबाटकीच्या बोगद्यात. स्वारगेटला निघालेली गाडी, उभ्यानं माणसं, मी मागच्या बाकापाशी तिकीट मशीन घेऊन. बोगद्यात गाडी थांबली, पुढं काहीतरी बंद पडलं होतं. दिवे, धूर, हॉर्न. मला वाटलं आता इथंच जीव जाणार. हाताला घाम सुटून मशीनचं बटण दाबेना. एका म्हाताऱ्या आजोबांनी "पोरी, बस खाली" म्हणून स्वतःची सीट दिली. कंडक्टरला सीट, आयुष्यात पहिल्यांदा! त्यानंतर गोळी, आणि मग ती वर्षानुवर्षं.

कमी करायला घेतल्यावर मला जे समजलं ते सांगते. क्लोनाझेपाम तुमच्या गोळीपेक्षा पुष्कळ सावकाश उतरते. त्यामुळं मी कापली की पहिले दोन-तीन दिवस मस्त जायचे. मी खूश, घरचे खूश. आठवडा संपत आला की दणका. तेव्हा वाटायचं, गोळीचं काही नाही, बाई आपल्यालाच परत आजार झाला. डॉक्टरांनी वहीत तारखा लिहायला लावल्या तेव्हा दिसलं की दर वेळी दणका साधारण तितक्याच दिवसांनी येतोय आणि मग आपोआप बसतोय. तुमची लवकर उतरणारी, तुम्हाला एक-दोन दिवसांतच कळेल. तुम्ही तर दिवाणजी, वही तुमच्या रक्तात आहे. गोळी किती, कितीला घेतली, त्रास कधी सुरू झाला, कधी बसला, एवढंच लिहा. कसं वाटलं यावर निबंध लिहू नका, मी लिहायची आणि वाचून आणखी घाबरायची.

जुनं का नवं, हे तुम्ही स्वतःच अर्धं ओळखलंय. आवाज टोचणं, मुंग्या, उगाच चीड येणं, हे तुम्हाला आधी नव्हतं. गोळी कापल्यावर आलं. माझंही तसंच, मला तर उजेड टोचायचा, दुपारच्या ड्युटीला डोक्यावर ओढणी घेऊन बसायची. गोळी कमी केल्याचा त्रास त्या पायरीनंतर लगेच येतो, लाटेसारखा चढतो-उतरतो, आणि पायरी बदलली नाही की हळूहळू ओसरतो. जुनं दुखणं बहुतेक आपलं जुनंच रूप घेऊन येतं आणि मुक्काम ठोकतं. बहुतेक म्हणतीय, कारण माझं एकदा दोन्ही मिसळलं होतं आणि डॉक्टरांनाही दोन भेटी लागल्या. तेव्हा पहाटे चारला अंथरुणात याचा निकाल लावायला बसू नका. त्या वेळी लावलेला एकही निकाल मला सकाळी पटलेला नाही.

आता पायरीचं. उतरू नका! थांबणं म्हणजे मागं जाणं नाही, हे मला पटायला फार वेळ लागला. आमच्याकडं पौषात मांढरदेवीच्या यात्रेच्या जादा गाड्या लागतात, आषाढीला पंढरपूरच्या. ड्युटीचा काही नेम नसतो, झोप कधी, जेवण कधी. माझ्या डॉक्टरांनी आधीच विचारून घेतलं की तुमचे जड महिने कुठले, आणि त्या महिन्यांत गोळी आहे तिथंच ठेवली. तुमचे जड महिने दोन आहेत, एक हळदीचा हंगाम आणि दुसरा हा. गावभागात राहणाऱ्या माणसानं ऑगस्टात गोळी कापायची म्हणजे कमालच. डॉक्टरांनी तारीख तुमच्यावर सोडलीय ना, मग सोडून द्या की पावसाळा संपेपर्यंत. फोन करून सांगा मात्र, मनानं नको.

कोयनेच्या मेसेजचं. लोक सांगतील ग्रुप म्यूट करा, बातम्या बघू नका. तुमचं घर उंचावर असतं तर मीही सांगितलं असतं. पण तुम्हाला पाण्याची माहिती खरंच लागते, ती भीती खोटी नाही. म्हणून ते काम दुसऱ्याकडं द्या. मुलगा असेल, भाऊ असेल, त्यानं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आकडा बघायचा. तुम्ही नाही. आणि इशारा पातळी 40 फूट आहे ना, तर 40 आलं की काय करायचं ते आत्ताच कागदावर लिहून फ्रिजला लावा. कागदपत्रं कुठल्या पिशवीत, गॅस कोण बंद करणार, आई-वडील असतील तर आधी कुणाकडं, गाडी कुठं लावायची. आकडा 40 च्या खाली असताना तुमच्याकडं काही काम नाही. हे मी माझ्या बोगद्यावरून सांगतीय. गाडी बोगद्यात थांबली तर मी काय करणार हे ठरवून ठेवलं होतं, ड्रायव्हरलाही सांगून ठेवलं होतं. तो "ताई, आलाच बोगदा" म्हणायचा आणि मी पुढच्या दाराच्या दांड्याला धरून उभी राहायची. हात थरथरायचे तसेच, पण थरथरत्या हातानंही तिकीट निघतं आणि सुटे पैसेही देता येतात. आधी मी बोगदा चुकवायला महाबळेश्वरची ड्युटी मागून घ्यायची, तेव्हा भीती उलट वाढत गेली होती.

तुम्हीही दुकानात एकाला सांगून ठेवा. शेठला सांगायचं नसेल तर हाताखालच्या पोराला. एवढंच, की गोळी बदलतीय, दोनेक महिने मी चिडचिडा आहे, मनावर घेऊ नको.

पहाटेचं. तो ऑक्सिमीटर उशाशी ठेवायचा नाही. बोट लावलं की आकडा येतो, आकड्यानं घाबरता, घाबरलात की आकडा वाढतो. पहाटे अंगातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन तसंही चढतं, सगळ्यांचंच, दिवस उगवायची तयारी असते ती शरीराची. आपली गोळी कमी झालेली असते म्हणून ते जाणवतं. नाडीची शंका असेल तर एकदा डॉक्टरांना सांगून थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि विषय संपवा. मी पहाटे जाग आली की अंथरुणात झगडत पडायची नाही. घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. उठायचं, थंड फरशीवर अनवाणी, पंधरा-वीस श्वास, आत साधा आणि बाहेर सोडताना लांब, मेणबत्ती न विझवता फुंकर घालतात तसा. मग ताटात तांदूळ घेऊन निवडत बसायचं. खडे नसले तरी! डोळ्यांना आणि बोटांना काम मिळालं की छाती आपली आपण खाली येते. पहिला जोर साधारण दहा मिनिटांत उतरतो, पुढचं नुसतं रेंगाळतं. चहा मात्र उजाडल्यावरच. आणि दारूचं म्हणाल तर, घेत असाल तर या दिवसांत थेंबसुद्धा नाही. गोळीवर ती घेणं धोक्याचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाट दुप्पट वाईट.

एकटं वाटलं तर 14416 लावा. टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. मी रात्रपाळीच्या विश्रांतीगृहातून लावला होता. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मला तेवढंच हवं होतं. पण झटके येणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, काही न समजण्याइतका गोंधळ उडणं, किंवा जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर फोनबिन नाही, सरळ दवाखाना. हे वहिनींनाही सांगून ठेवा.

वहिनींवर चिडू नका. सोनार म्हणाल्या म्हणजे बघतायत तुमच्याकडं.

---

दिवाणजी_गावभाग

फार उपकार झाले. दोघांचं लिहिलेलं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. "सोनार" वर ती हसली आणि ऑक्सिमीटर तिनं आपल्या कपाटात टाकला, किल्ली तिच्याकडं.

फार्मासिस्ट साहेब, तुम्ही कमाल केलीत. उन्हाळ्यात वखारीत घामानं मांड्यांना गजकर्ण झालं होतं, त्वचेच्या डॉक्टरांनी जी कॅप्सूल दिली होती ती इट्राकोनाझोलच निघाली. रिकामी स्ट्रिप अजून ड्रॉवरमध्ये होती. तो कोर्स संपला आणि सकाळची अर्धी गोळी बंद झाली, दोन्ही एकाच सुमारास. मिरजेच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही दोन पायऱ्या एका दमात उतरलात, मला एकच माहीत होती.

त्यांनी सांगितलं ते असं. 0.375 चं आता नाव काढायचं नाही. एकूण 0.5 कायम, पण 0.25 सकाळी आणि 0.25 रात्री. गणपती होऊन नदी पात्रात गेली की भेटायचं, आणि तेव्हा शेकडा दहाच्या आसपासची पायरी कशी करता येईल ते बघू. डायझेपामचा विचार तेव्हाच. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, लिहून दिलीय. त्वचेचं परत काही झालं तर आधी त्यांना कळवायचं.

पाण्याचा आकडा आता थोरला मुलगा बघतो. काल संध्याकाळी जेवताना मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. नंतर कळलं की 31 होतं. पहाटेची धडधड आहे अजून, ते काही लगेच जायचं नाही. तांदळाऐवजी मी हळकुंडं निवडतो, घरात नमुन्याच्या पिशव्या पडलेल्याच असतात. ऐन अंधारात राजापुरी हळदीचा वास भरून राहतो आणि मुलं कुरकुर करतात.

एक शंका राहिली. जुन्या चिठ्ठीवर 0.5 रात्री असं आहे आणि आता मला 0.25 च्याच गोळ्या लागणार. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला चिठ्ठीत बदल दिसला की कटकट करतो. काय करायचं?

---

मिरजेचा_फार्मासिस्ट

तो कटकट करत नाही, त्याला करावीच लागते. अल्प्राझोलाम 2014 पासून एच-वन यादीत आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं जपावं लागतं. जुन्या चिठ्ठीवर 0.5 असताना त्यानं 0.25 च्या दिल्या तर तपासणीला तोच अडकणार.

डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्या. त्यावर 0.25 ची गोळी, सकाळी एक, रात्री एक, किती दिवसांसाठी, हे अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहून मागा. तारीख आजची हवी. जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून घ्या, म्हणजे घरातल्या कुणी चुकून ती नेली तर 0.5 च्या गोळ्या येणार नाहीत. घरात उरलेल्या 0.5 च्या स्ट्रिपा वेगळ्या ठेवा. दोन ताकदीच्या गोळ्या एका डब्यात असल्या की पहाटेच्या अंधारात घोटाळा होतो, आणि काही कंपन्यांच्या दोन्ही गोळ्यांचा आकार पुष्कळ सारखा असतो. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

टीएसएचला उपाशी पोटी जायची गरज नसते, पण सकाळीच द्या.